"दाढा मिटून दाखव": शालेय आरोग्य तपासणी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य सचिव, मा. शिक्षण सचिव
आणि शालेय आरोग्य तपासणीची आखणी करणारे सर्व अधिकारी,
गोवा शासन.

महोदय / महोदया,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलांमध्ये काय शोधायचे, याची तीस अवस्थांची यादी त्याने घालून दिली. दुभंगलेले ओठ आणि टाळू जन्मजात व्यंगांत आले, ते योग्यच झाले. दातांच्या नावाने मात्र त्या यादीत कीड आली आणि विषय तिथेच संपला. जबडा नीट वाढतो आहे का, वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर बसतात का, हे विचारणारी ओळ त्यात नाही. मूल तोंड उघडते, टॉर्चचा उजेड पडतो, कीड नसेल तर मूल वर्गात परत जाते. जबड्याचा दोष उघड्या तोंडात दिसत नाही. तो दाढा मिटल्यावर दिसतो. गाल बोटाने बाजूला सारून "आता दाढा मिटून दाखव" एवढे म्हणायची सक्ती कुणावर नाही, आणि तेवढ्यात उपचाराचे वय निघून जाते.

आम्ही गोव्यात मुलांच्या दात-जबड्यांवर उपचार करणारे दंतवैद्य आहोत. तेरा-चौदा वर्षांचे मूल समोर बसते, तेव्हा "हे सात-आठ वर्षांचे असताना सोपे होते" हे पालकांना आम्हालाच सांगावे लागते. ते सांगणे आम्हाला नकोसे झाले आहे. पत्र तुम्हाला लिहीत असलो तरी ते पालकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि प्राथमिक शिक्षकांनीही वाचावे, म्हणून जाहीर लिहितो.

आधी वयाविषयी. "दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू" हा सल्ला घरची मोठी माणसे देतात. खेदाने सांगतो, काही डॉक्टरही देतात. नुसते दात वाकडे असतील तर तो सल्ला बहुतेक वेळा चालून जातो, कारण तारा बाराव्या वर्षी बसवता येतात तशा तिसाव्या वर्षीही बसवता येतात. जबड्याला ही सवलत नाही. वरचा जबडा दोन भागांचा असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांचा सांधा असतो. प्राथमिक शाळेच्या वयात तो बऱ्यापैकी सरळ असतो. मूल वयात येऊ लागले की दोन्हीकडचे हाड एकमेकांत गुंतत जाते आणि तोंडातल्या साध्या साधनाला ते दाद देत नाही. मग टाळूच्या हाडात स्क्रू रोवणे आले, नाहीतर शस्त्रक्रिया आली.

वरचा जबडा अरुंद राहिला तर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडतात. याला क्रॉसबाइट म्हणतात. अशा मुलाला सरळ मिटले की टोकावर टोक लागते, म्हणून ते खालचा जबडा थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून मिटते. तोंड उघडे असताना वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मधल्या रेषा जुळतात, मिटताना खालची रेषा बाजूला पळते. हे एवढे पाहिले तरी निदान निम्मे झाले. सातव्या वर्षी हा सरकण्याचा दोष असतो. तसाच सोडला तर जबडा त्या तिरक्या बैठकीतच वाढतो, आणि पुढे चेहऱ्याचा तिरकेपणा हाडात उतरतो.

यावरचा उपचार महागड्या यंत्रांचा नाही. वरच्या पहिल्या कायमच्या दाढांवर स्टीलचे बँड, म्हणजे कडी बसवायची, त्यांना ०.९ मिलिमीटर जाडीच्या तारेचे चार वेटोळ्यांचे साधन डाग देऊन जोडायचे, ग्लास आयोनोमर सिमेंटने पक्के करायचे. याला क्वाड हेलिक्स म्हणतात. दर सहा आठवड्यांनी तपासणी, तीन-चार महिन्यांत रुंदी, आणि मग तेच साधन आणखी तीन महिने तसेच तोंडात, म्हणजे नवे हाड भरते. मूल थोडे मोठे असेल आणि हाडाचाच अरुंदपणा जास्त असेल, तर टाळूत स्क्रू असलेले साधन लागते. पालक चावीने रोज तो फिरवतात. एका पाव फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर, दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत काम होते. पुढच्या दोन दातांत फट पडते, तेव्हा आईवडील घाबरतात. ती फट सांधा उघडल्याची खूण असते आणि काही आठवड्यांत आपोआप मिटू लागते. हे आधी सांगितले नाही तर पालक स्क्रू फिरवणे अर्ध्यावर सोडतात.

चुका कुठे होतात, तेही लिहितो, कारण योजना आखणाऱ्याला ते माहीत हवे. चावी पुढून मागे, शेवटपर्यंत ढकलायची असते. पुढच्या फेऱ्याचे भोक पूर्ण दिसले नाही तर फेरा अर्धवट राहतो आणि दुसऱ्या दिवशी चावी शिरतच नाही. चावीला दोरा बांधून तो मनगटाला अडकवायचा, नाहीतर ती घशात जाण्याची भीती. एका बाजूचा बँड सुटला तर साधन वाकडे ढकलते, म्हणून त्या दिवशी फेरा द्यायचा नाही, दवाखान्यात यायचे. चिक्की, भाजलेले चणे, जत्रेतले खाजे यांनी बँड सुटतात. गणेश चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर स्क्रू फिरवायला सुरुवात करू नये, हे आम्ही इथल्या अनुभवाने सांगतो. हव्या त्या रुंदीपेक्षा थोडे जास्त पसरवावे लागते, कारण थोडे परत येतेच. आणि सहा वर्षांखालच्या मुलात जोरात पसरवू नये. नाकाच्या आजूबाजूची ठेवण बिघडू शकते. तिथे हळू चालणारे साधनच बरे. सर्वांत जास्त नुकसान मात्र एकाच गोष्टीने होते: रुंदी आली की साधन लगेच काढून टाकणे. तीन ते सहा महिने धरून ठेवले नाही, तर केलेले काम वाया जाते.

दुसरा दोष अधिक तातडीचा आहे. पुढचे खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात, गाल सपाट दिसतात, आणि घरात "आजोबांवर गेलाय" म्हणून विषय मिटतो. आधी हे पाहावे, की मुलाला खालचा जबडा मागे घेऊन पुढचे दात टोकाला टोक लावता येतात का. येत असतील तर बराचसा दोष सरकण्याचा आहे, आणि वरचे एक-दोन दात पुढे आणणाऱ्या साध्या प्लेटने तो सुटू शकतो. येत नसतील तर बहुतेकांत वरचा जबडा मागे राहिलेला असतो. त्याला पुढे ओढायला फेसमास्क लागतो: कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी चौकट, वरच्या सुळ्यांच्या जागी आकडे, आणि त्यांत अडकवलेली रबरे. रबरांची दिशा पुढे आणि सुमारे तीस अंश खाली. दर बाजूला ३५० ते ४५० ग्रॅम जोर, तोही एकदम नाही; पहिला आठवडा त्याच्या निम्म्याने. रोज १२ ते १४ तास, म्हणजे शाळेतून आल्यापासून सकाळपर्यंत. रबरे रोज नवी. आपल्याकडच्या दमट हवेत हनुवटीवर पुरळ उठते, तेव्हा मास्कच्या गादीखाली सुती कापड ठेवावे आणि ते रोज धुवावे. पावसाळ्यात हे सांगितले नाही तर मूल आठवड्याभरात मास्क काढून ठेवते आणि आपण मुलालाच आळशी म्हणतो.

हे दहा वर्षांच्या आत करायचे असते. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालील मुलांचे दोन गट करून एका गटाला फेसमास्क दिला, दुसऱ्याला दिला नाही. सहा वर्षांनी तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा मास्क न घेतलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असे ठरले; घेतलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. म्हणजे मास्कने सगळ्यांची शस्त्रक्रिया टळत नाही. खालच्या जबड्याची वाढ अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलग्यांत त्यानंतरही चालते, ती काही जणांत मास्कवर मात करते. पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगावे. पण इतक्या मुलांची शस्त्रक्रिया टळण्याजोगी असताना त्यांना शोधायचेच नाही, हे आम्हाला मान्य नाही.

आता एक गोष्ट आमच्याच क्षेत्राविरुद्ध जाणारी. लवकर म्हणजे प्रत्येकाला लवकर, असे मुळीच नाही. वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे, हा दोष आठव्या वर्षी उपचार सुरू करून आणि वाढीच्या जोरात सुरू करून शेवटी जवळपास सारखाच सुधारतो. अनेक चाचण्या एकत्र पाहून हे स्पष्ट झाले आहे. लवकर उपचाराचा खात्रीचा फायदा एकच दिसला, पडल्यावर किंवा मार लागल्यावर पुढचे दात मोडण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून ओठ मिटत नाहीत इतके दात पुढे असतील, मूल धडपडे असेल किंवा शाळेत चिडवले जात असेल, तर आधी सुरुवात करावी. बाकीच्यांनी थांबावे आणि वाढीचा जोर पकडावा: मुलींत साधारण दहा ते बारा, मुलग्यांत बारा ते चौदा. त्या वेळी ट्विन ब्लॉक हे वर-खाली दोन प्लेटांचे साधन खालचा जबडा पुढे धरते. ते दिवसरात्र घालायचे असते, आणि जेवताना रुमालात गुंडाळून ठेवले की ते हरवते किंवा कचऱ्यात जाते. गरम पाण्यात धुतले की प्लास्टिक वाकते आणि प्लेट बसत नाही. नऊ-दहा महिने नेटाने घातले तर फरक दिसतो. फक्त रात्री घातले तर काम रेंगाळते आणि वाढीचा जोर निघून जातो.

हे इतक्या तपशिलाने लिहायचे कारण, बाजारात याच भीतीवर धंदा होतो आहे. रात्री घालायच्या तयार मऊ साधनांनी तारा लागणारच नाहीत, झोप सुधारेल, अभ्यासात लक्ष लागेल, अशी आश्वासने पालकांना दिली जातात. या आश्वासनांना पुरेसा आधार नाही. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञाने अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल पाहावेत. सरकारी तपासणीत पालकाला साधा, विश्वासाचा सल्ला मिळत नाही, म्हणून तो या जाहिरातींच्या हाती लागतो.

दुधाच्या दाढेविषयी थोडक्यात. किडलेली दुधाची दाढ काढली आणि जागा राखली नाही, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते. सर्वांत जास्त सरकते ती पहिल्या सहा महिन्यांत. एक बँड आणि तारेचा एक वेढा, एवढ्याने जागा राहते. खालच्या जबड्यात दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी बारीक दाढा येताना दर बाजूला सुमारे अडीच मिलिमीटर जागा मोकळी होते. खालून जिभेच्या बाजूने एक तार वेळेवर बसवली तर तीच जागा पुढच्या दातांची थोडीफार दाटी सोडवते. शिबिरात "दाढ काढली" एवढी नोंद होते. जागा राखली का, हा रकाना हवा.

दुभंगलेल्या टाळूच्या मुलांबद्दल आमची तक्रार जास्त जड मनाची आहे. ओठ आणि टाळू शिवला की उपचार पूर्ण झाले, असे कागदोपत्री मानले जाते. प्रत्यक्षात साधारण नऊ ते अकराव्या वर्षी, सुळा उगवायच्या आधी, हिरडीच्या फटीत हाड भरावे लागते, आणि त्याआधी आकसलेला वरचा जबडा पसरवावा लागतो. ही वेळ चुकली की सुळ्याला उगवायला हाडच मिळत नाही. ज्या मुलाला जन्मापासून शासनाने शोधून काढले, त्याला नवव्या वर्षी हाक मारायची जबाबदारी कुणाचीच नसावी, हे समजण्यापलीकडचे आहे.

आणि अंतर. राज्यातले एकमेव दंत महाविद्यालय बांबोळीला आहे. तिथल्या शिक्षकांवर किंवा शिकाऊ डॉक्टरांवर आमचा रोख नाही. जबड्याचे असे उपचार शिकवणारी जागा तीच आहे. पण काणकोणहून बांबोळी साठ-सत्तर किलोमीटर. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून आधी वाळपईला यायचे, मग पुढची कदंब बस पकडायची. स्क्रूचे साधन असेल तर पहिले तीन आठवडे दर आठवड्याला, मास्क किंवा ट्विन ब्लॉक असेल तर वर्षभर दर महिन्या-दीड महिन्याला. रोजंदारीवरच्या आईचा प्रत्येक खेपेला रोज बुडतो, मुलाची शाळा बुडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस थकतो, आणि नोंदवहीत "रुग्ण आला नाही" असे लिहिले जाते. त्या शेऱ्यामागचा प्रवास कुणी मोजत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो.

शालेय तपासणीच्या गोव्यातल्या पत्रिकेत जबड्याचा भाग जोडा. राष्ट्रीय यादी बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. राज्य स्वतःचे पान जोडू शकते. ही तपासणी दुसरीत, म्हणजे सातव्या वर्षाच्या आसपास, आणि पुन्हा पाचवी-सहावीत करा. त्यात इतकेच पाहायचे: ओठ सहज मिटतात का, बाजूने चेहरा कसा दिसतो, मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा किती मिलिमीटर पुढे आहेत, सहापेक्षा जास्त, की उलट खालचेच पुढे आहेत, दोन्ही गालांकडून दाढा कशा बसतात, मिटताना मधली रेषा सरकते का, वेळेआधी गेलेली दाढ आहे का, अंगठा चोखायची सवय पाच-सहा वर्षांनंतर राहिली आहे का. आरसा, टॉर्च, लाकडी पट्टी आणि मिलिमीटरची स्टीलची पट्टी. सराव झाल्यावर एका मुलाला दोन मिनिटे लागतात. एक्स-रे शाळेत नको आणि सरसकट तर नकोच. तो ज्याला पुढे पाठवले त्याच्यासाठी.

तपासणी पथकातल्या आयुष डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्या. फोटो दाखवून नव्हे, खऱ्या मुलांवर. शिकवायला आम्ही विनामोबदला येतो, तारीख तुम्ही द्या.

म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालये, फोंडा, आणि काणकोण व वाळपईची आरोग्य केंद्रे इथे महिन्यातून ठराविक दोन दिवस ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणारे तज्ज्ञ दंतवैद्य, बसवा. साधन बसवणे बांबोळीला होऊ दे, पण रबरे देणे, सुटलेला बँड पुन्हा चिकटवणे, स्क्रू तपासणे हे तालुक्यात व्हायला हवे. सिमेंट, बँड, स्क्रू आणि रबरे यांची खरेदी वर्षाच्या सुरुवातीला करा. रबरे संपली म्हणून महिना गेला, तर मुलाच्या वाढीतला तो महिना परत येत नाही.

कुणाला आधी घ्यायचे, हे ओळखीवर ठरू नये. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत गरजेच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत आणि वरच्या दोन पायऱ्यांतल्या, आणि तिसरीतल्या काही मुलांना उपचार मिळतात. तसे मोजमाप इथेही लावा. उलटे पुढचे दात, सरकणारा क्रॉसबाइट आणि दुभंगलेला टाळू यांना रांगेत पहिले ठेवा, कारण त्यांची वेळ सर्वांत आधी संपते. केवळ दिसण्यासाठी आलेल्या किरकोळ वाकड्या दातांना थांबायला सांगा. आम्ही त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहू.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसह राज्याच्या सर्व आरोग्य याद्यांत "वाढीच्या वयातील जबड्याचे उपचार" असे वेगळे शीर्षक ठेवा. कोणते साधन, कोणत्या वयापर्यंत, पालकाला किती भरावे लागेल, हे मराठी आणि कोकणीत छापून प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा.

दुभंगलेल्या टाळूच्या प्रत्येक मुलाची नोंद अठरा वर्षे उघडी ठेवा आणि आठवे वर्ष लागले की पालकाला फोन गेलाच पाहिजे, असे एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवा.

आणि वर्षाच्या शेवटी आकडे जाहीर करा: तालुक्यागणिक किती मुले तपासली, किती पुढे पाठवली, किती पोहोचली, किती जणांचे उपचार पुरे झाले. पाठवली आणि पोहोचली यांतले अंतर ज्या तालुक्यात जास्त असेल, तिथे ऑर्थोडॉन्टिस्टचे दिवस वाढवा.

येत्या शैक्षणिक वर्षात किमान सत्तरी आणि काणकोण या दोन तालुक्यांतल्या दुसरीच्या वर्गांपासून सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे. तपासणीच्या पानाचा कच्चा मसुदा आमच्याकडे तयार आहे. बैठकीला बोलावलेत तर तो घेऊन येऊ.

आपले विश्वासू,
गोव्यातील मुलांच्या दात-जबड्यांवर उपचार करणारे काही दंतवैद्य